सुईनंतरचा अर्धा तास

कोपरखैरणे, नवी मुंबई
१५ ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एवढा मोठा वॉर्ड सोडलास आणि शिंकांच्या दवाखान्यात जाऊन बसलीस." मी गप्प राहिले. राग आला म्हणून नव्हे. बाहेर पेशंट थांबले होते आणि याचं उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखं नव्हतं. आज सुट्टी आहे, म्हणून सगळं लिहायला बसले. आई, तुझा चष्मा अजून झाला नसेल तर दादाकडून वाचून घे, पण शेवटपर्यंत ऐक.

वॉर्ड का सोडला हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. एका रात्रपाळीला तिशीतली एक बाई माझ्याकडे होती, आदल्या दिवशी ऑपरेशन झालेलं. अँटिबायोटिकचं इंजेक्शन शिरेतून दिलं आणि थोड्याच वेळात ती म्हणाली, "सिस्टर, मला कसंतरीच होतंय." मी बीपीचा पट्टा आणायला वळले. परत आले तर ओठ सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या, आवाज घोगरा. मग आम्ही हाताला जी सवय होती तेच केलं. आधी एव्हिल, म्हणजे खाज-गांधीचं औषध, मग हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, मग डॉक्टरांना फोन. अ‍ॅड्रेनॅलिन ट्रॉलीतच होतं, पण ते अगदी शेवटी द्यायचं औषध अशी एक भीती आमच्या सगळ्यांच्या मनात बसलेली. ते दिलं तोवर बरीच मिनिटं गेली होती. बाई वाचली. तिचा नवरा माझ्या पाया पडायला आला आणि मला तिथे उभं राहवेना.

नंतर मी पुस्तक काढून बसले. औषधाची अशी तीव्र अ‍ॅलर्जी उठली तर अ‍ॅड्रेनॅलिन हेच पहिलं औषध. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत द्यायचं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मुलांना वजनाप्रमाणे. एव्हिलने खाज थांबते, पण त्याने बंद होत आलेला घसा उघडत नाही आणि पडलेलं बीपी वर येत नाही. हे सगळं जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, अभ्यासात मी वाचलेलं होतं, पेपरात लिहिलेलंही होतं. फक्त हातात उतरलं नव्हतं. वाशीच्या या अ‍ॅलर्जी क्लिनिकला नर्स हवी असल्याचं कळलं, तेव्हा मी त्या रात्रीमुळे अर्ज केला.

आता इथे मी काय करते ते ऐका.

सकाळी आल्याबरोबर फ्रीजचं तापमान वहीत लिहायचं. टेस्टची आणि लशींची द्रावणं २ ते ८ अंशांत राहिली पाहिजेत, नाहीतर टेस्ट खोटी बोलते. मग इमर्जन्सी ट्रे: अ‍ॅड्रेनॅलिनच्या अँप्यूलवरची तारीख, ऑक्सिजन, सलाईन, मास्क. रोज. काल बघितलं होतं म्हणून आज सोडलं, असं चालत नाही.

त्यानंतर पेशंट. स्किन प्रिक टेस्ट म्हणजे हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवर एका पदार्थाचा थेंब ठेवायचा आणि बारीक टोकाने कातडी जेमतेम उचलायची. रक्त येता कामा नये. एक थेंब नुसत्या सलाईनचा, एक हिस्टामिनचा. हिस्टामिनची गांध उठलीच नाही तर समजायचं की याने दोन दिवसांपूर्वी सर्दीची गोळी घेतली आहे; बाकीचं सगळं वाचणं व्यर्थ. १५ ते २० मिनिटांनी गांधीची रुंदी मोजायची. सलाईनपेक्षा ३ मिलिमीटरने मोठी असेल तर ती धरायची. पण नुसती गांध उठली म्हणजे आजार ठरला असं नाही. त्या पदार्थाने खरोखर त्रास होतो का, हे विचारूनच कळतं. म्हणून खरं काम विचारण्याचं आहे आणि त्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. त्रास घरात होतो की बाहेर? पहाटे की रात्री? गावाला गेल्यावर कमी होतो का? भिंतीला ओल आहे? खिडकीत कबुतरं बसतात? (कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसाचा जो आजार होतो तो या टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून तो धागा मी डॉक्टरांना वेगळा सांगते.) आणि एक प्रश्न सगळ्यांना: बीपीची कोणती गोळी चालू आहे? अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा गोळ्या घेणाऱ्यांवर वेळ आली तर अ‍ॅड्रेनॅलिन नीट लागू पडत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं.

गेल्या महिन्यात आपल्या कोरेगावकडचे एक माथाडी आले होते. तीस वर्षं मसाला मार्केटात पोती उचलतात. त्यांची खात्री, की मिरचीची अ‍ॅलर्जी आहे. मिरचीच्या धुळीने घसा चरचरतो, खोकला येतो, तो कुणालाही येईल. ती अ‍ॅलर्जी नव्हे. टेस्टमध्ये उठलं ते गादीतल्या धुळीच्या किड्याचं आणि झुरळाचं. रात्री घरी गेल्यावर दम का लागतो ते तिथे उलगडलं. त्यांच्याकडे दम्याचा पंप होता, कपाटात. "सिस्टर, त्याची सवय लागते म्हणतात." मी म्हटलं, काका, आधी घेऊन तर दाखवा. त्यांनी आधी पंप दाबला आणि मग श्वास घेतला. औषध सगळं तोंडातच राहिलं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून दिला. हळू, खोल श्वास, दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा, नंतर चूळ भरायची. त्यांच्याकडून तीनदा करवून घेतलं. पुढच्या वेळी आले तेव्हा म्हणाले, पहिल्यांदाच रात्रभर आडवा झोपलो. नुसतं तोंडाने सांगून हे होत नाही. पेशंटच्या हातून करून घ्यावं लागतं.

हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना दमट हवा लागते. इकडे पावसाळ्यात चार महिने भिंती सुद्धा घाम गाळतात, त्यांची चंगळच. आई, घटस्थापनेआधी तू सगळ्या वाकळा नदीवर नेऊन धुवायचीस आणि खडकावर कडक उन्हात टाकायचीस. मी पेशंटना जवळपास तेच सांगते, फक्त वर्षातून एकदा नाही, दर आठवड्याला, आणि चादरी-उशांचे अभ्रे ६० अंशाच्या गरम पाण्यात. तू दिलेली वाकळ मी तशीच धुते. रंग उतरलाय, पण ऊब तीच आहे.

आता बाबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर. काही पेशंटना इम्युनोथेरपी देतात. ज्या गोष्टीची अ‍ॅलर्जी आहे तीच अगदी सूक्ष्म मात्रेत टोचायची, हळूहळू मात्रा वाढवायची, तीन ते पाच वर्षं. हे नवीन खूळ नाही. लंडनमध्ये लिओनार्ड नून नावाच्या डॉक्टरने गवताच्या परागांचं असं इंजेक्शन देऊन १९११ मध्ये निष्कर्ष छापले होते. टोचायला मला अर्धं मिनिट लागतं. त्याआधी नाव, बाटली, मात्रा, कोणता हात हे दोनदा पडताळायचं, आज दम किंवा ताप नाही ना ते विचारायचं. आणि टोचल्यानंतर पेशंटने अर्धा तास माझ्या नजरेसमोर बसायचं. तो अर्धा तास म्हणजे माझी नोकरी.

जूनमध्ये कॉलेजची एक मुलगी होती. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने येते. त्या दिवशी परीक्षा, दहाव्या मिनिटाला उठली. "सिस्टर, आठ महिने घेतेय, मला कधी काही झालेलं नाही." मी तिला सोडलं नाही. ती रुसली, मोबाइल काढून बसली. थोड्या वेळाने मी पाहिलं, ती तळहात ओढणीवर घासत होती. मी जवळ जाऊन विचारलं. ती वर बघून म्हणाली, "काही नाही, जरा कसंतरी होतंय."

आई, तोच शब्द. या वेळी मी पट्टा आणायला वळले नाही. तिला आडवं केलं, पाय उंच ठेवले, डॉक्टरांना हाक मारली आणि ते येईपर्यंत अ‍ॅड्रेनॅलिन भरून तयार होतं. त्यांनी मान हलवली, मी मांडीत दिलं, वेळ लिहिली. काही मिनिटांत तिचा आवाज मोकळा झाला. अशी रिअ‍ॅक्शन काही तासांनी उलटून येऊ शकते, म्हणून नंतर तिला निरीक्षणासाठी हॉस्पिटलला पाठवलं. रात्री तिच्या आईचा फोन आला. मला बोलता येईना.

गोठ्यात पाय टाकताच म्हशीच्या कानावरून ती आजारी आहे हे तुला कळायचं. कुणी शिकवलं होतं तुला? मी ते आता कुठे शिकतेय.

पुढचं काय, असं बाबा नेहमी विचारतात. आपल्याकडे अ‍ॅलर्जी नर्सची वेगळी पदवी नाही. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करायचं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी ठेवायची आणि बाकीचं कामातून, कार्यशाळांतून शिकायचं. सीपीआरचं प्रशिक्षण मी पुन्हा घेतलं. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी, आता एकटीने करते. पेशंटकडून जोरात, पूर्ण फुंकर काढून घेणं हीसुद्धा कलाच आहे. मुलांना मी मेणबत्त्या विझवायला लावते. येत्या वर्षी पोस्ट बेसिक बीएस्सीला प्रवेश घ्यायचा विचार आहे, दोन वर्षांचा. डॉक्टरांनी संध्याकाळची ओपीडी मला द्यायचं कबूल केलंय. त्यानंतर एमएस्सी केलं तर शिकवता येईल, औषधांच्या संशोधनातही काम मिळतं. इंग्लंडात अनुभवी अ‍ॅलर्जी नर्स स्वतःची वेगळी ओपीडी चालवतात. तिकडे जायचं माझ्या मनात नाही, पण इथे तसं व्हावं असं फार वाटतं. सरकारी भरतीचा फॉर्म यंदा मी भरणार नाही, बाबा. पगाराची खात्री तिथे जास्त आहे हे मला कळतं, आणि तुम्ही माझ्या काळजीनेच म्हणता हेही. पण मला हेच काम चांगलं यायला हवंय.

बाबा, आता तुमच्या खाजेचं. पापण्या, मान, कोपराची खोबण, तेवढंच लाल होतं आणि पावसाळ्यात बांधावरचं गाजरगवत उपटलं की वाढतं, हे मी दोन वर्षं बघतेय. याला प्रिक टेस्ट नाही, पॅच टेस्ट लागते. पाठीवर पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, आणि पुन्हा दोन दिवसांनी बघतात. सोमवारी लावली तर बुधवारी आणि शुक्रवारी बघायची, म्हणून एका मुक्कामात परत जायचा हट्ट चालणार नाही. घामाने पट्ट्या सुटतात, तेव्हा दिवाळीनंतर थंडीत या. तोवर गवत उघड्या हाताने उपटू नका, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, काम झालं की लगेच अंग धुवा. परसातली शेवंतीही त्याच कुळातली, तिलाही जरा लांब ठेवा. आई आमसुलाचं पाणी लावते ते पित्ताच्या गांधींना ठीक, याला उपयोगाचं नाही.

तुम्ही बाजारच्या दिवशी जी सुई घेऊन येता ती कसली, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आणा. स्टेरॉइडची असेल तर टेस्टआधी काही आठवडे थांबावं लागेल. बीपीच्या गोळीची पट्टी रिकामी झाली तरी टाकू नका, सोबत आणा. आणि ती गोळी मनाने बंद करायची नाही.

एसटीने वाशीच्या हायवेला उतरा, मी तिथे येऊन थांबते. आई, येताना धाकटी वाकळ आण. माझ्याकडे तिघांना पुरेल एवढं पांघरूण नाही.

तुमची लेक