अण्णांच्या रिपोर्टमधलं ते एक वाक्य

पुणे,
रविवार, सकाळ

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

अण्णांच्या जनुक-तपासणीचा रिपोर्ट वाचला. फोनवर दोन मिनिटांत उत्तर देता आलं असतं, पण प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आणि जिव्हाळ्याचा आहे, म्हणून कागद घेऊन बसलोय. तू लाल पेनाने खूण केलेलं वाक्य असं : ‘हा प्रकार युरोपीयांत मधुमेहाशी निगडित आहे, भारतीयांत संबंध आढळला नाही.’ (प्रकार म्हणजे एकाच जनुकाचं माणसागणिक थोडं वेगळं असणारं रूप.) आणि त्या जोरावर अण्णांनी चहात पुन्हा दोन चमचे साखर सुरू केली!

या वाक्याची मला चीड आहे. तू गणिताचा मास्तर, तेव्हा हिशोबच मांडतो. आकडे मी सोयीसाठी घेतलेत. समज, तिकडच्या मोठ्या अभ्यासात परिणाम आला ०.२० आणि त्याचा स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज साधारण किती चुकू शकतो त्याचं माप, ०.०४. भागाकार ५, पुरावा भक्कम. आपल्याकडच्या लहान अभ्यासात परिणाम ०.१२, एरर ०.०८. भागाकार १.५, दोनच्या आत (साधारण दोनच्या वर गेला तरच पुरावा मानतात), म्हणून लिहून मोकळे : ‘संबंध नाही’. पण दोन समाजांत फरक आहे का, हे विचारायचं तर फरकच तपासायला हवा ना? फरक ०.०८. दोन्ही एररचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ : साधारण ०.०८९. भागाकार एकसुद्धा भरत नाही. म्हणजे फरकाला पुरावाच नाही. आपल्याकडे माणसं कमी मोजली गेली, इतकंच.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मीही असाच एक अख्खा तक्ता केला होता, इकडे बरोबरची खूण, तिकडे फुली. सरांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, “फरकाचा एरर कुठे आहे?” तीन आठवडे खपून सगळा पुन्हा केला. तो प्रश्न अजून कानात आहे.

कधी कधी परिणाम सारखाच असतो, पण दिसत नाही. २००८ साली जपानमधल्या अभ्यासांत केसीएनक्यू१ हे जनुक मधुमेहाशी जोडलेलं सापडलं. युरोपातल्या मोठमोठ्या अभ्यासांतून ते निसटलं होतं, कारण तिथे धोक्याचा प्रकार जवळपास सगळ्यांकडेच आहे. तुलना करायला दुसरा गट उरतोच कुठे?

दुसरी अडचण खुणेची. आपण बहुधा रोगाला कारण असलेला बदल मोजत नाही, त्याच्या शेजारची खूण मोजतो. गावात ‘वडाच्या झाडाजवळचं घर’ असा पत्ता सांगतात, तसं. एका गावात घर वडाला लागूनच असतं, दुसऱ्या गावात वड वेशीवर आणि घर पार आत. तोच पत्ता घेऊन गेलास तर चुकशील, पण म्हणून घर नाही असं होत नाही. आफ्रिकेतल्या समाजांत तर पिढ्यान्‌पिढ्या आईबापांकडून येणाऱ्या जनुकांच्या तुकड्यांची फेरजुळणी होत आल्याने या शेजाऱ्यांच्या जोड्या थोड्याच अंतरावर तुटतात, म्हणून युरोपातल्या खुणा तिथे सर्वांत कमी उपयोगी पडतात.

खरा फरकही असू शकतो, आणि तशी शक्यता दाखवणारं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. एफटीओ हे जनुक २००७ मध्ये ब्रिटनमध्ये लठ्ठपणाशी जोडलं गेलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, हिशोबात धरून त्याचा वाटा वजा केला की मधुमेहाशी त्याचा संबंध मावळत होता. २००९ मध्ये पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुणे आणि म्हैसूरच्या लोकांत पाहिलं, तर बीएमआय धरूनही संबंध उरला. मला वाटतं, यात मापाचाही हात आहे. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो २००४ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. दोघांना एकाच बीएमआयने मोजलं, तर हिशोबातून नेमकं काय वजा झालं?

आता रिपोर्टमधला तो ‘एकूण धोक्याचा गुण’, म्हणजे अनेक जनुकांच्या खुणा एकत्र करून काढलेला एक आकडा. असे गुण बहुतेक युरोपीय लोकांवरून बसवलेले असतात. पुण्यातल्या रुग्णांवर टाइप १ आणि टाइप २ मधुमेह वेगळा ओळखण्यासाठी असाच एक गुण वापरून पाहिला, २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन्ही प्रकारचा एकेक रुग्ण घेतला, तर कोण कुठला हे युरोपीयांत शंभरातल्या ८७ वेळा बरोबर लागलं, पुण्यात ८४ वेळा. ८४ म्हणजे टाकाऊ नव्हे, उलट मला ते आश्वासक वाटतं. पण हे पुण्यात मोजून पाहिलं म्हणून कळलं. अण्णांच्या रिपोर्टमधला गुण आपल्याकडे कुणी, कुठे तपासला, याचा त्या बारा पानांत उल्लेखच नाही. लॅबला तेवढंच विचारून घे.

आणि हा रिपोर्ट कपाटात ठेव. घरातली शिवणाची टेप काढून अण्णांच्या पोटाचा घेर मोज, ९० सेंटिमीटरच्या वर आहे का पाहा. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) याच आठवड्यात करून घे. आकडे आले की रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागा असतो.

वहिनींना नमस्कार, अण्णांना साष्टांग.

तुझाच,
श्रीधर