घरट्यावर ड्रोन कशाला?

संपादक साहेब, रंकाळ्यावर रोज सकाळी फिरायला जातो, तिथं एका उंच झाडावर घारीनं घरटं केलंय, काड्या, चिंध्या, कुठलं तरी फाटकं प्लास्टिक असलं सगळं कोंबलेलं. गेल्या रविवारी दोन पोरं आली आणि थेट ड्रोन सोडला की वर! घार उठली, ओरडत घिरट्या घालायला लागली, आणि घरटं तसंच उघडं उन्हात. तेवढ्यात दोन कावळे शेजारच्या फांदीवर येऊन बसलेच, त्यांना काय, आयतं अंडं मिळालं तर पाहिजेच. मी म्हटलं, अरे बाबांनो उतरवा ते, तर म्हणतात "काका, रील करतोय फक्त, हात कुठं लावलाय". हात लावायची गरजच नाही, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला नुसता त्रास देणंसुद्धा शिकारीतच धरलंय. घार दोन-तीनच अंडी घालते आणि महिनाभर उबवते, सारखी उठवली तर पिल्लं कशी निघणार? फोटो काढा की, पण लांबनं, मोठी लेन्स लावून, आणि लोकेशन टाकू नका. वनखात्यानं तिथं एखादा बोर्ड तरी लावावा.

– एक वाचक, कोल्हापूर