आधी १०८, मग मी

ती. आई-बाबा,
सा. न.

मंगळवारचं अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय, फोनवर सांगायला गेलं की आई "बरं बरं" म्हणून विषय बदलते. बाबांना दरदरून घाम फुटला, छातीत भरून आलं आणि आई तू पहिला फोन कुणाला केलास तर मला, बंगळुरूला! अगं मी इथून ११२ लावला तर तो कर्नाटकच्या कंट्रोल रूमला जातो, त्यांना पुण्यातला शनिपाराजवळचा बोळ काय कळणार. शेवटी मी समोरच्या काकूंना उठवलं, त्यांच्या मुलाने रिक्षा आणली, यात पंचवीस मिनिटं गेली. पित्त निघालं म्हणून ठीक.

तर आधी अॅम्ब्युलन्सचा १०८, मग मी. पैसे पडत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो. बाबा म्हणतील सरकारी गाडी येतीये कधी, तर ही सेवा २०१४ पासून चालू आहे आणि तिची कंट्रोल रूम आपल्या औंधलाच, उरो रुग्णालयाच्या आवारात. पत्ता विचारला की "जोशांचा वाडा" सांगून थांबू नका, पेठ, घर नंबर, जवळचं मंदिर सगळं सांगा, आणि ते म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. बोळात अॅम्ब्युलन्स शिरणार नाही, कोणालातरी तोंडाशी उभं करा. आणि दाराची वरची कडी आधीच काढून ठेवा, ती बाबांशिवाय कुणाला निघत नाही!

चोर, आग, काहीही असलं आणि नंबर आठवत नसला तर सरळ ११२. गॅसचा वास आला तर १९०६, पण रेग्युलेटर बंद करून, बाहेर जाऊन. बाबा, लाइट लावून बघायला जायचं नाही, पंखासुद्धा नाही.

आणि "आज रात्री वीज कापणार" म्हणणाऱ्याला चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. जितका लवकर फोन तितकी बँकेत पैसे अडवता यायची शक्यता जास्त, लाज नंतर वाटून घ्या.

कॅलेंडरच्या मागे बाबांनी लिहिलेले नंबर मी बघितलेत, त्यातले निम्मे सात आकडी आहेत आणि एक डॉक्टर तर जाऊन दहा वर्षं झाली. मोठ्या अक्षरात नवीन कागद कुरिअर केलाय. फ्रिजवर लावा. आई, देवघरात नको.

तुमची,
मनू