अहवाल ‘निरंक’, पण नमुना कसा घेतला?

संपादक महोदय,

फुप्फुसाचा गंभीर आजार देणाऱ्या लेजिओनेला या पाण्यातल्या जिवाणूची तपासणी केली, अहवाल निरंक आला, आता वर्षभर चिंता नाही, हा समज धोक्याचा आहे. तो अहवाल एका नळाच्या, त्या दिवशीच्या एक लिटर पाण्यापुरता असतो. शिवाय नमुना चुकीचा घेतला, तर तेवढाही भरवसा उरत नाही.

नमुन्याच्या निर्जंतुक बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट टाकलेले असावे लागते. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जिवाणू मारत राहतो आणि अहवाल उगाच चांगला येतो. एकाच नळाचे दोन नमुने घ्यावेत. नळ उघडताच घेतलेल्या पाण्यावरून नळाची आणि शॉवरच्या नळीची अवस्था कळते, तर पाणी थोडे वाहू दिल्यावर घेतलेल्या नमुन्यावरून पाइप व टाकीची. टाकीत क्लोरीन मारून दुसऱ्याच दिवशी नमुना पाठवणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक. किमान 48 तास थांबायलाच हवे. पाण्यात सांडपाणी मिसळले का हे पाहणाऱ्या नेहमीच्या कोलिफॉर्म चाचणीवरून तर लेजिओनेलाबद्दल काहीच कळत नाही. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून मोजायला, दहा दिवसांपर्यंत लागतात. पीसीआरचा, म्हणजे जिवाणूंचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीचा, निकाल काही तासांत मिळतो, पण त्यात मेलेले जिवाणूही धरले जातात.

त्यापेक्षा रोजच्या उपयोगाचे साधन साधा थर्मामीटर. हा जिवाणू 20 ते 45 अंश सेल्सिअसमध्ये वाढतो. म्हणून साठवणीचे गरम पाणी 60 अंशांवर, इमारतीत फिरून टाकीकडे परतणाऱ्या पाइपातले किमान 50 अंशांवर असावे आणि सर्वांत लांबच्या नळालाही मिनिटभरात 50 अंश मिळावेत. वीज वाचवायची म्हणून थर्मोस्टॅट 45 वर आणणे ही हमखास होणारी चूक. दुसरी सहज नजरेत येत नाही: टाकीत वर 60 अंश दिसतात, पण तळाशी गाळ आणि कोमट पाणी साचलेले असते. तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून गंजट पाणी येते का, हे अधूनमधून पाहावे. 60 अंशांचे पाणी अंगावर घेतले तर भाजते, म्हणून त्यात थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लागतो. मात्र तो नळाजवळच बसवावा. टाकीजवळ बसवला, की पुढच्या सगळ्या पाइपांतून चाळीस अंशांचे पाणी फिरते आणि जिवाणूंना याहून सोयीचे काही नाही.

बेसिन काढले, पण पाइपाचे तोंड नुसते बूच लावून बंद केले, की त्या तुकड्यात पाणी साचते आणि आतल्या बुळबुळीत थरात जिवाणू टिकून राहतात. असा तुकडा थेट टी-जोडापासून कापून टाकावा. बंद खोल्यांतले नळ व शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटे सोडावेत. तुषार उडू नयेत म्हणून शॉवरचे तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवून. संसर्ग प्रामुख्याने हे तुषार श्वासातून फुप्फुसात गेल्याने होतो, हे विसरू नये. शॉवरवरचा क्षार दर तीन महिन्यांनी काढावा. कूलिंग टॉवरचे (वातानुकूलन यंत्रणेचे पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्याचे) तुषाररोधक फाटलेले असतील तर आधी तेच बदलावेत.

ब्रिटनमधील मार्गदर्शक निकषांनुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे लेजिओनेलाच्या 100 ते 1000 वसाहती (कल्चरमध्ये वाढलेले जिवाणूंचे ठिपके) निघाल्या, तर पुन्हा नमुने घेऊन व्यवस्था तपासायची; 1000 च्या वर गेल्यास ताबडतोब उपाययोजना करायची. पण उपाय नेमका कुठे, हे कळण्यासाठी नमुना घेतानाचे तापमान, क्लोरीनचे प्रमाण आणि नळाची नेमकी जागा नोंदलेली असावी लागते. या तीन नोंदी नसलेला अहवाल व्यवस्थापनाने स्वीकारू नये.

– पाणीव्यवस्थेची देखभाल करणारे वाचक