मंडईतल्या त्या सगळ्यांचे मनापासून आभार

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी आम्ही सगळे मानाच्या गणपतींच्या दर्शनाला निघालो होतो. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम झाले आणि तुळशीबागेच्या गर्दीत सासूबाई दिसेनाशा झाल्या. त्यांना अलीकडे विसरायला होतं. घरचा पत्ताही नीट सांगता येत नाही. आमचा जीव टांगणीला लागला होता.

मंडळाच्या ज्या कार्यकर्त्याने लाउडस्पीकरवरून "हिरव्या नऊवारीतल्या आजी मंडईजवळ फुलवाल्यांकडे सुखरूप आहेत" असं पुन्हापुन्हा सांगितलं, त्याचे आधी आभार. त्याचा आवाज बसला होता, तरी आम्ही पोहोचेपर्यंत तो थांबला नाही.

आणि फुलवाल्या मावशी, तुमचे कसे मानू? तुम्ही त्यांना तुमच्या स्टुलावर बसवलंत, पाणी दिलंत आणि घाबरू नयेत म्हणून समोर दुर्वांचा ढीग ठेवलात. आम्ही आलो तेव्हा सासूबाई 21 दुर्वा मोजून, देठं सारखी करून, दोऱ्याचा वेढा देत जुड्या बांधत होत्या. एकही चुकली नव्हती. नातवाचं नाव अडखळतं, पण बाप्पाचं हे काम हातांना पाठ आहे. मला तिथेच रडू आलं, आनंदाने. एवढा सण इतक्या वर्षांत आम्हाला जाणवला नव्हता.

जुड्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, उलट त्यातली एक आमच्या बाप्पासाठी दिलीत. अनंत चतुर्दशीच्या आधी सासूबाईंना घेऊन तुमच्याकडे नक्की येतो.