बांधापलीकडच्या अज्जांना

अज्जा, साष्टांग नमस्कार.

मराठीतच लिहितोय. कन्नड बोलायला अडत नाही, पण लिहायला बसलं की जोडाक्षरांत पाय अडकतो. तुमची नात मराठी वाचते, ती वाचून दाखवेल. (मोठ्यानं वाच गं, डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं.)

आधी कबुली. वडील गेल्यावर शेत माझ्याकडं आलं तेव्हा मला ओढ्याकाठच्या त्या रानाची लाज वाटायची. करवंदीच्या जाळ्या, तोरणं, धायटी, निर्गुडी, मध्येच एखादं जांभूळ. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाला सगळं कसं साफ, झाडलेलं हवं असतं. एका रविवारी जेसीबी आणला आणि दुपारच्या जेवणाच्या आत सगळं उपटून टाकलं. तुम्ही बांधावर उभे होता. बांधाच्या दगडावरून आपल्या दोन घरांत जे चाललंय ते चाललंयच, म्हणून मला वाटलं, आम्ही किती आत सरकलो ते हा म्हातारा मोजतोय. तुम्ही एवढंच म्हणालात, "इरली बिडो." असू दे, सोड. मी ऐकलं नाही.

दोन पावसाळ्यांत तिथं घाणेरी डोक्याच्या वर गेली. मोकळी, उकरलेली जमीन आणि वर भरपूर ऊन, तिला आणखी काय पाहिजे? इंग्रजांनी शोभेचं झाड म्हणून दूर देशातनं आणलेली ही बया, बुलबुल आणि साळुंक्या तिची काळी फळं खातात आणि जिथं बसतात तिथं पेरतात. जनावर खात नाही म्हणायचं, तर वैरण संपलेल्या एका उन्हाळ्यात आमच्या पाडीनं खाल्ली. डोळे पिवळे झाले, उन्हात पाठीचं कातडं सोलून निघालं. वाचली, पण डॉक्टर चार दिवस येत होते.

त्याच वर्षी उसाला हुमणी लागली. गणपतीनंतर मध्येच ठिकठिकाणी ऊस पिवळा पडत गेला. एक बेट धरून ओढलं तर अलगद हातात आलं, खाली मुळंच नाहीत. माती उकरली तर पांढऱ्या, वाकड्या, लठ्ठ अळ्या. दुकानदारानं दिलेलं दाणेदार औषध टाकलं, पैसे गेले, आणि पुढच्या साली हुमणी पुन्हा हजर.

मग तो वळवाचा पहिला पाऊस. दिवेलागणीला तुम्ही आमच्या अंगणात उभे, हातात आकडी बांधलेली काठी आणि एक निळी बादली. मी फुशारकीनं म्हटलं, "आमच्यात औषध टाकलंय." तुम्ही वाद घातला नाही. "बॅटरी घे अन् चल," म्हणालात आणि बांधावरच्या कडुनिंबाखाली नेलंत.

तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. वारा नव्हता, तरी झाड कुरकुरत होतं. बॅटरी वर मारली तर पानापानावर हुमणीचे तांबूस भुंगेरे, जोडीजोडीनं, पाला खात बसलेले. तुम्ही फांदीला आकडी अडकवून हिसका दिलात आणि खालच्या ताडपत्रीवर टपटपटप गारा पडाव्यात तसे पडले. तुम्ही ओंजळीनं बादलीत भरत होता आणि मला हिशेब सांगत होता. एक मादी मातीत पन्नास-साठ अंडी घालते. वर्षातून पिढी एकच, पण ती एक पुरते. अंडी घालायच्या आत इथं झाडावर धरली तर धरली, नाहीतर गणपतीनंतर ऊस हातात येतो. आणि हे झाड तर बांधावर! अर्धा पाला तुमच्या बाजूला, अर्धा माझ्या. भुंगेऱ्याला सात-बारा कुठला आणि कर्नाटकातला उतारा, ती आर.टी.सी. कुठली?

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घरोघर फिरलात. अकरा घरं. त्यात आमच्याशी बोलणं टाकलेलं एक घर होतं, तिथंही गेलात. काय बोललात ठाऊक नाही, पण संध्याकाळी त्या घरचा पोरगा काठी घेऊन आला. मराठीत शिव्या, कन्नडमध्ये विनोद, असं जवळजवळ तीन आठवडे चाललं. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून साबणाच्या पाण्यात भुंगेरे बुडवायचे. बायका म्हणायच्या, धुणं राहिलं बाजूला, निरमा सगळा किड्यांना.

हुमणी संपली असं मी म्हणणार नाही. अजून आहे. पण यंदा उसात तशी पिवळी ठिगळं दिसली नाहीत. नांगरामागं बगळे आणि कावळे उतरतात, तेही आपलं काम करतात.

खरं शिकवलंत ते मात्र त्या हिवाळ्यात. घाणेरी मी वरून छाटत होतो, आणि ती दुप्पट फुटत होती. तुम्ही गुडघ्यावर बसलात आणि कुदळीनं बुडाभोवतीची माती बाजूला केलीत. "वरचं केस कापून काय, इथं कापायचं." बुडखा जिथं मुळाला मिळतो त्याच्या खाली, जमिनीत तीन-चार इंच. एक घाव, मग झुडूप उपटून उलटं, मुळं आभाळाकडं करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. मध्येच काहीतरी काटेरी फुटलेलं दिसलं की मी कुदळ उचलायचो आणि तुम्ही काठीनं माझा हात दाबायचा. "इदु तेगी, अदु इरली." हे काढ, ते असू दे. तीन रविवार तेवढी दोनच वाक्यं. ते काटेरी म्हणजे जेसीबीनं उपटलेल्या करवंदीचं उरलेलं मूळ होतं. मी सगळं मारलं असं समजत होतो, ते जमिनीखाली वाट बघत बसलं होतं. तोरणाचंही तसंच. आपल्याला लावावी लागली ती फक्त जांभळं आणि एक उंबर.

पुढचे दोन पावसाळे घाणेरीची बोटभर रोपं उपटत फिरलो. तो सगळ्यांत कंटाळवाणा भाग, आणि फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नसतं. तुमची नात आणि त्या अबोल घरचा पोरगा, दोघंच न चुकता यायची.

मार्चात पहाटे ओढ्याकडनं भारद्वाजाचं घुमणं ऐकू आलं. आई चुलीपुढनं म्हणाली, "आला की गं परत." करवंदीला यंदा थोडीच कच्ची लागली, त्याचं लोणचं तिनं घातलंय. बरणी या पत्राबरोबर पाठवतोय. तिखट जरा जास्त पडलंय.

बांधाच्या दगडाचं काय ते मोजणीवाले बघतील. त्यात मी माघार घेतली असं समजू नका.

तुमची निळी बादली अजून माझ्याकडंच आहे, कडी तुटली होती ती फाउंड्रीत जोडून घेतली. वळीव पडला की त्याच संध्याकाळी घेऊन येतो. बॅटरी माझी. काठीला आकडी तेवढी तुम्हीच बांधा, मी बांधलेली सुटते.

तुमचा,
बांधाअलीकडचा