कूलंट गळतीचा छडा लावून देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार

दीड महिना बाईकचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत होतं आणि खाली जमिनीवर एक थेंब दिसत नव्हता, मी तर हेड गॅस्केटच (इंजिनच्या वरच्या भागाच्या जोडातलं सील) गेलं असं धरून बसलो होतो. इथे विचारल्यावर तुमच्यातल्या एकाने सांगितलं की आधी वॉटर पंपाखालचं (कूलंट फिरवणाऱ्या पंपाखालचं) बारीक भोक बघ, टॉर्च मारून बघितलं तर तिथून इंजिनवर हिरवट पांढरी वाळलेली रेघ ओघळलेली, म्हणजे पंपाच्या आतलं, कूलंट अडवणारं मेकॅनिकल सील गेलेलं आणि गळलेलं कूलंट गरम इंजिनवर तिथल्या तिथे वाळत होतं!

ते भोक बुजवू नकोस, कूलंट ऑइलमध्ये जाऊ नये म्हणूनच ते ठेवलेलं असतं, हे ज्याने बजावलं त्याचे तर खूपच उपकार, कारण मी ते बुजवायला एम-सील आणून ठेवलं होतं. सील बदललं, होजच्या क्लिपा बदलल्या, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे ज्या ताईंनी दोनदा सांगितलं त्यांनी माझा हात वाचवला. कूलंटमध्ये अडकलेली हवा काढायला बाईक कशी तिरकी करायची तेही तुम्हीच शिकवलंत.

आता कूलंटच्या रिझर्व्ह टाकीतली पातळी रोज सकाळी बघतो, खुणेवरून हललेली नाही. खरंच थँक्यू सगळ्यांना 🙏